जन्मानंतर घडणारे फुप्फुस आणि पेशींना धरून ठेवणारे ग्राही

मूत्रपिंडातील गाळण्यांची संख्या बाळ जन्मण्यापूर्वीच ठरून गेलेली असते आणि पुढे त्या केवळ मोठ्या होतात. फुप्फुसाचे तसे नाही. हवा आणि रक्त यांच्यातील वायूंची देवाणघेवाण ज्या सूक्ष्म पोकळ्यांत चालते त्या वायुकोशांची संख्या, २००४ मध्ये सहा प्रौढ फुप्फुसांच्या काटेकोर मोजणीतून, सरासरी ४८ कोटी निघाली आणि व्यक्तीव्यक्तीतील फरक सुमारे २७ कोटींपासून ७९ कोटींपर्यंत आढळला. पूर्ण दिवसांच्या नवजात बालकात मात्र ही संख्या साधारण दोन ते पाच कोटींच्या घरात धरली जाते. म्हणजे माणूस ज्या वायुकोशांच्या बळावर आयुष्य काढतो त्यांतील बहुतांश आईच्या पोटात नव्हे, तर घराच्या हवेत, चुलीच्या धुरात, पहिल्यावहिल्या सर्दी-खोकल्यात आणि मिळेल त्या पोषणावर तयार होतात. ही जडणघडण होताना पेशींनी एकमेकींना आणि आपल्या भोवतालच्या तंतुमय द्रव्याला धरून राहायचे असते, आणि हे धरण्याचे काम करणारी प्रथिने, म्हणजे पेशी-आसंजन ग्राही, हा या आढाव्याचा विषय आहे.

विषय रेणूंचा असला तरी त्याची निकड आदिलाबादसारख्या जिल्ह्यात अधिक जाणवते. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ आणि पलीकडे आदिलाबाद अशी आज राज्यांची सीमा असली, तरी किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्याचे भाग होते, आणि गोंड, कोलाम, परधान, थोटी या समाजांची वस्ती ती सीमा पाहून झालेली नाही. तेलंगणातील सर्वांत कडक थंडी पडणाऱ्या भागांत गणला जाणारा हा प्रदेश कापसाचा आणि जंगलाचा आहे. लाकडाच्या चुली, कमी वजनाची बाळे, हिवताप आणि सिकलसेल या चारही गोष्टी येथे एकाच घरात भेटू शकतात. २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले, तरी रोगांच्या दृष्टीने हा पट्टा एकच आहे, आणि तो गडचिरोली-चंद्रपूरला जोडूनच पाहावा लागतो.

जन्मावेळी फुप्फुसाच्या टोकाला असतात त्या जाड भिंतींच्या पिशव्या. या भिंतीच्या दोन्ही बाजूंना केशवाहिन्यांचा एकेक थर असतो आणि मध्ये संयोजी ऊतक. ठरावीक जागी भिंतीतील स्नायुतंतुपेशी, म्हणजे आकुंचन पावू शकणाऱ्या तंतुपेशी, इलॅस्टिन या ताणून पुन्हा पूर्ववत होणाऱ्या प्रथिनाचा धागा रचतात; त्या धाग्याच्या रेषेवर भिंत उचलली जाते, तिच्या घडीत केशवाहिन्यांचा एक थर ओढला जातो आणि पिशवीच्या पोकळीत एक नवा, बुटका पडदा उभा राहतो. हा दुय्यम पडदा. तो उंचावत गेला की एका पिशवीचे अनेक वायुकोश होतात. मग दुसरे काम सुरू होते: पडद्यातील केशवाहिन्यांचे दोन थर एकमेकांत मिसळून एक होतात, मधले ऊतक विरळ होते, आणि हवा व रक्त यांच्यातील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी उरते. वायुकोशनिर्मितीचा जोमाचा काळ माणसात गर्भावस्थेच्या ३६व्या आठवड्याच्या आसपास सुरू होऊन पहिली दोन-तीन वर्षे चालतो. त्यानंतर ती थांबते असे दीर्घकाळ मानले जाई. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शरीररचनाशास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या कामातून आणि हेलियम वायू वापरून मुलांच्या व तरुणांच्या फुप्फुसांचे चुंबकीय चित्रण करणाऱ्या २०१२च्या ब्रिटिश अभ्यासातून असे दिसले की, मंद गतीने का होईना, नवे वायुकोश पौगंडावस्थेतही तयार होत राहतात. ही सुधारणा दिलासा देणारी आहे, पण तिचा अर्थ ताणून लावू नये. पहिल्या दोन-तीन वर्षांतील तूट पुढे आपोआप भरून निघते असे त्यातून सिद्ध होत नाही.

आसंजन ग्राहींची घराणी मोजकी आहेत. कॅडहेरिन शेजारच्या दोन पेशींना कॅल्शियमच्या साहाय्याने जोडतात. सिलेक्टिन वाहत्या रक्तातील पेशींना वाहिनीच्या भिंतीवर क्षणभर रोखतात. इम्युनोग्लोब्युलिन घराण्यातील आयकॅम, व्हीकॅम, पीकॅम हे रेणू पांढऱ्या पेशी आणि वाहिन्यांचे अंतःस्तर यांच्यात दुवा साधतात. आणि इंटेग्रिन पेशीला तिच्या बाहेरील आधारद्रव्याशी, म्हणजे कोलॅजेन, लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन अशा प्रथिनांच्या जाळ्याशी, बांधतात. फुप्फुसाच्या वाढीत इंटेग्रिनचा वाटा सर्वांत अधिक अभ्यासला गेला आहे. प्रत्येक इंटेग्रिन आल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांचा बनतो. सस्तन प्राण्यांत १८ आल्फा आणि ८ बीटा साखळ्या असून त्यांच्या २४ जोड्या ज्ञात आहेत, आणि त्यांपैकी निम्म्या एकट्या बीटा-१ साखळीच्या आहेत. १९८४ मध्ये अर्जिनीन, ग्लायसीन आणि ॲस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांचा लहानसा क्रमच अनेक इंटेग्रिनांना धरायला पुरतो हे उघड झाले. या क्षेत्राचा पाया घालणारे रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना २०२२ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

इंटेग्रिनचा विशेष हा की तो केवळ धरत नाही. विश्रांतीत त्याचा बाहेरील भाग दुमडलेला असतो. पेशीच्या आतून टॅलिन हे प्रथिन त्याच्या शेपटीला येऊन लागले की तो ताठ उभा राहतो आणि त्याची पकड घट्ट होते. उलट दिशेनेही संदेश जातो: आधारद्रव्य ताणले गेले की तो ताण इंटेग्रिनमार्गे टॅलिनवर पडतो, टॅलिनचे घड्या घातलेले भाग उलगडतात, त्यांना व्हिन्क्युलिन हे दुसरे प्रथिन चिकटते, पेशीचा आतला सांगाडा त्या जागी मजबूत होतो, आणि यॅप व टॅझ नावाची नियंत्रक प्रथिने केंद्रकात शिरून जनुकांचे वाचन बदलतात. नवजात बालकाच्या संदर्भात या यंत्रणेला वेगळेच महत्त्व येते, कारण जन्माच्या क्षणी फुप्फुसातील द्रव शोषला जाऊन त्याची जागा हवा घेते आणि पुढे दर मिनिटाला चाळीस-पन्नास वेळा ताण पडणे व सैल होणे हा क्रम सुरू होतो. श्वासाची ही हालचाल रचनेत कशी उतरते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना इंटेग्रिन वगळून पुढे जाता येत नाही.

वायुकोशाच्या अस्तरात दोन प्रकारच्या पेशी असतात: पृष्ठभागाचा सुमारे ९५ टक्के भाग व्यापणाऱ्या अतिशय पातळ पहिल्या प्रकारच्या पेशी, आणि पृष्ठताण कमी करणारा द्रव तयार करणाऱ्या, गरज पडल्यास पहिल्या प्रकारात रूपांतरित होणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या घनाकार पेशी. या अस्तरातून बीटा-१ साखळी काढून टाकली तर काय होते, हे अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांत पाहिले. अपेक्षेप्रमाणे श्वासनलिकांच्या फांद्या फुटण्यात बिघाड झाला आणि वायुकोश मोठे, थोडे व सपाट राहिले. अनपेक्षित भाग पुढचा होता. या अस्तरपेशी भक्षकपेशींना बोलावणारे रासायनिक संदेश आणि ऑक्सिजनचे क्रियाशील, घातक रेणू जास्त प्रमाणात सोडत होत्या, आणि फुप्फुसात जमलेल्या भक्षकपेशी हटवल्यावर वायुकोशांची घडण बऱ्याच अंशी सुधारली. म्हणजे पडदे उभे न राहण्याचे कारण केवळ पकड सुटणे हे नव्हते. पकड सुटलेल्या पेशीने पेटवलेला दाह हेही होते. या क्षेत्रातील शोधनिबंधांत जनुक काढले, अवयव बिघडला, म्हणून ते जनुक त्या अवयवासाठी आवश्यक, असा सरळसोट निष्कर्ष इतक्या सहजपणे काढला जातो की हा प्रयोग त्याला चांगला उतारा ठरतो.

बीटा-१ च्या जोडीदारांपैकी आल्फा-३ हा आधारपटलातील, म्हणजे अस्तराखालील पातळ थरातील, लॅमिनिनला धरतो. आल्फा-३ नसलेले उंदीर १९९६ मध्ये तयार झाले तेव्हा त्यांची मूत्रपिंडे आणि फुप्फुसे दोन्ही सदोष निघाली. माणसातील पुरावा २०१२ मध्ये आला: या साखळीच्या जनुकात दोन्ही प्रती बिघडलेल्या तीन बालकांत फुप्फुसाच्या आंतरऊतकाचा गंभीर विकार, मूत्रातून प्रथिने वाहून जाणे आणि किरकोळ घासण्यानेही त्वचेवर फोड येणे असे तिहेरी दुखणे आढळले. तीन इतक्या वेगवेगळ्या अवयवांना जोडणारा धागा एकच होता, तो म्हणजे अस्तराची आधारपटलावरील पकड.

सर्वांत गुंतागुंतीची कथा आल्फा-व्ही-बीटा-६ या इंटेग्रिनची आहे. हा केवळ अस्तरपेशींवर असतो आणि त्याचे मुख्य काम चिकटवण्याचे नाहीच. टीजीएफ-बीटा हा प्रभावी वाढघटक आधारद्रव्यात एका प्रथिनाच्या वेष्टनात निष्क्रिय अवस्थेत साठवलेला असतो. त्या वेष्टनावर अमिनो आम्लांचा तोच त्रिकुट-क्रम असतो. इंटेग्रिन तो क्रम पकडतो, आतल्या सांगाड्याच्या जोरावर खेचतो, वेष्टनाचा आकार बदलतो आणि वाढघटक शेजारच्या पेशीवर काम करू लागतो. ही क्रिया १९९९ मध्ये उघड झाली. ताण असेल तिथेच वाढघटक मोकळा व्हावा, अशी ही व्यवस्था आहे, आणि सतत ताणल्या जाणाऱ्या अवयवाला ती शोभणारी आहे.

पण टीजीएफ-बीटा वाढत्या फुप्फुसाला हवा की नको? नवजात रॅट जातीच्या उंदरांच्या फुप्फुसात तो कृत्रिमरीत्या वाढवला तर दुय्यम पडदे उभेच राहत नाहीत आणि अकाली जन्मलेल्या बाळांच्या रोगासारखे चित्र तयार होते. जास्त ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या उंदरांच्या पिलांत त्याला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड दिल्यास वायुकोशांची घडण सुधारते. यावरून तो घातक आहे असे वाटते. उलट त्याचा संदेश पेशीच्या आत नेणारे स्मॅड-३ हे प्रथिन नसलेल्या उंदरांत वायुकोश मोठे व विरळ होत जातात, आणि २००३ मध्ये दाखवल्याप्रमाणे बीटा-६ साखळी नसलेल्या उंदरांत भक्षकपेशींचे एक प्रथिनभंजक विकर बेसुमार वाढून वयानुसार वातस्फीती, म्हणजे वायुकोशांच्या भिंती नष्ट होण्याचा रोग, उद्भवतो. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. मात्रा आणि वेळ यांचा विचार केल्याशिवाय ते एकत्र बसत नाहीत, आणि ज्या लेखांत टीजीएफ-बीटाला सरसकट खलनायक ठरवले जाते ते अर्धेच पुरावे वाचून लिहिलेले म्हणावे लागतात. त्यातही एक मेख आहे. बीटा-६ साखळीचे जनुक जन्मतः बिघडलेली माणसे गेल्या दशकात ओळखली गेली. त्यांचे ठळक लक्षण दातांवरचे एनॅमल नीट न बनणे हे निघाले. उंदराच्या फुप्फुसावरून माणसाच्या फुप्फुसाकडे जाताना पायाखालची जमीन किती कच्ची आहे, ते या एका उदाहरणावरून दिसते.

इलॅस्टिनच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट आहे. पीडीजीएफ-ए हा वाढघटक नसलेल्या उंदरांत इलॅस्टिन रचणाऱ्या स्नायुतंतुपेशीच फुप्फुसात उतरत नाहीत आणि एकही दुय्यम पडदा उभा राहत नाही, हे १९९६ पासून माहीत आहे. फायब्युलिन-५ हे प्रथिन एका टोकाने इलॅस्टिनला आणि दुसऱ्या टोकाने, त्याच त्रिकुट-क्रमाद्वारे, इंटेग्रिनला धरते. ते नसलेल्या उंदरांची त्वचा लोंबते, रोहिणी ताठरतात आणि फुप्फुसे वातस्फीतीग्रस्त होतात. माणसातही त्याचे जनुक बिघडल्यास त्वचा सैल लोंबण्याच्या आनुवंशिक विकाराबरोबर तान्ह्या वयात वातस्फीती आढळते. येथे उंदीर आणि मूल यांची साक्ष जुळते.

पडदा उभा राहायचा तर त्याच्याबरोबर केशवाहिनीही वाढायला हवी. पूर्वी वाहिन्या अस्तरामागून फरपटत येतात असे मानले जाई. गेल्या पंचवीस वर्षांत ही समजूत उलटली. अंतःस्तरपेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या पीकॅम-१ या ग्राहीला अडवणारे प्रतिपिंड रॅट जातीच्या पिलांना दिल्यावर वाहिन्यांची हानी झाली नाही तरी वायुकोशांची निर्मिती मंदावली. अकाली जन्मलेल्या आणि कृत्रिम श्वसनावर दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांतही हाच रेणू घटलेला आढळला आहे. या बाळांच्या दीर्घकालीन रोगाचे पहिले वर्णन १९६७ मध्ये नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी केले. तेव्हा त्यात व्रण आणि जखमा ठळक असत. पृष्ठताण कमी करणारा द्रव बाहेरून देण्याची सोय झाल्यावर आणि श्वसनयंत्रे सौम्य झाल्यावर अधिक लहान बाळे जगू लागली, आणि रोगाचे रूप पालटले: आता व्रण कमी, पण वायुकोश थोडे आणि मोठे, जणू घडण मध्येच थांबलेली. जगात मुदतपूर्व जन्मांची सर्वाधिक संख्या भारतात आहे. २०२० मध्ये ती सुमारे ३० लाख होती. आदिलाबादेत २००८ मध्ये स्थापन झालेल्या राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्थेसारख्या जिल्हा पातळीवरील रुग्णालयांतून अशी बाळे आता वाचू लागली आहेत, आणि जी बाळे पूर्वी पहिला आठवडाही पाहत नसत त्यांच्या फुप्फुसांचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यामुळेच नव्याने उभा राहतो.

फुप्फुसाबाहेरील आसंजनदोषही बालकाच्या जिवावर बेततात. पांढऱ्या पेशींवरील बीटा-२ साखळी जन्मतः नसेल तर त्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडू शकत नाहीत. नाळ गळायला तीन आठवड्यांहून अधिक लागणे आणि जखमेत पू न होता ती चिघळत जाणे ही या रोगाची खूण मानली जाते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने अशा भारतीय बालकांचे निदान पेशींवरील साखळी प्रत्यक्ष मोजून केले आहे. या ग्राहीचे महत्त्व फुप्फुसात मात्र वेगळे दिसते: न्यूमोकोकससारख्या जिवाणूंच्या संसर्गात पांढऱ्या पेशी फुप्फुसाच्या केशवाहिन्यांतून बीटा-२ शिवायही बाहेर पडू शकतात, हे प्राण्यांतील प्रयोगांवरून ज्ञात आहे. त्वचेत जे लागू पडते ते वायुकोशात जसेच्या तसे पडत नाही.

विषाणूंनी या ग्राहींचा उपयोग दारासारखा करून घेतला आहे. सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसांचा मोठा गट आयकॅम-१ ला धरून पेशीत शिरतो, हे १९८९ मध्ये कळले. ऱ्हायनोव्हायरसांतीलच सी जातीचा, लहान मुलांत घरघर आणणारा प्रकार मात्र कॅडहेरिन घराण्यातील सीडीएचआर-३ या रेणूचा आधार घेतो, आणि ज्या मुलांत त्या रेणूचे विशिष्ट आनुवंशिक रूप असते त्यांना दम्याचे तीव्र झटके अधिक येतात. गोवराचा विषाणू नेक्टिन-४ या जोड-ग्राहीतून श्वसनमार्गाच्या अस्तरात पोहोचतो, हे २०११ मध्ये उघड झाले. तो अस्तराच्या खालच्या बाजूने शिरतो आणि वरून, खोकल्यावाटे बाहेर पडतो. गोवरामागून येणारा न्यूमोनिया आदिवासी पाड्यांतील जुन्या माणसांना वेगळा सांगावा लागत नाही. या प्रदेशातील बालन्यूमोनियाविषयीचे सर्वांत मोलाचे काम रेणूंचे नाही, पायपिटीचे आहे: गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील कार्यकर्त्यांना श्वासांची गती मोजून प्रतिजैविक देण्यास शिकवले, आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ मध्ये त्याच संस्थेने घरोघरच्या नवजात-सेवेने ३९ गावांतील अर्भकमृत्यू किती कमी करता येतात ते दाखवले. मृत्यू टळलेल्या मुलाच्या फुप्फुसात किती पडदे उभे राहिले, हा पुढचा प्रश्न. तो विचारण्याची वेळ मृत्यू टळल्यामुळेच आली.

आदिलाबादच्या दृष्टीने आसंजनाचा सर्वांत जवळचा प्रश्न सिकलसेलचा आहे. गोंड, कोलाम, परधान या समाजांत या जनुकाचा प्रसार आहे, तसाच तो पलीकडच्या विदर्भातही आहे. या रोगात हिमोग्लोबिनचे रेणू ऑक्सिजन कमी झाल्यावर एकमेकांत गुंफून लांब दांडे बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी अरुंद वाहिनीत अडकतात, असे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत सापडते. ते अपुरे आहे, कारण पेशी वाकण्यापूर्वीच भिंतीला चिकटू लागलेली असते. रक्तात नुकत्याच उतरलेल्या कोवळ्या तांबड्या पेशींवर आल्फा-४-बीटा-१ हे इंटेग्रिन शिल्लक असते आणि ते अंतःस्तरावरील व्हीकॅम-१ ला धरते. प्रौढ तांबड्या पेशीवरील लुथेरन रक्तगटाचा रेणू लॅमिनिनच्या आल्फा-५ साखळीला, म्हणजे वायुकोशांच्या आधारपटलातही असणाऱ्या प्रथिनाला, पकडतो. आणि पी-सिलेक्टिनमुळे भिंतीवर थबकलेल्या पांढऱ्या पेशी तांबड्यांना अडवून धरतात. प्रवाह मंदावला की ऑक्सिजन घटतो, ऑक्सिजन घटला की पेशी वाकते, आणि मगच कोंडी पूर्ण होते. फुप्फुसाच्या रोहिणीत येणारे रक्त मुळातच ऑक्सिजन गमावून आलेले असते, त्यामुळे हा अवयव या कोंडीला विशेष बळी पडतो. ताप, खोकला, छातीत दुखणे, क्ष-किरण चित्रात नवी छाया आणि ऑक्सिजन घसरणे असा जो तीव्र छातीविकार या रुग्णांत होतो तो त्यांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. मुलांत त्याची सुरुवात बहुधा साध्या संसर्गाने होते.

येथे काळाचा योग पाहण्यासारखा आहे. नवजात बालकाच्या रक्तात गर्भकालीन हिमोग्लोबिन भरपूर असते आणि ते विकृत रेणूंना गुंफू देत नाही. पहिल्या सहा महिन्यांत त्याचे प्रमाण उतरत जाते आणि रोग डोके वर काढू लागतो. नेमक्या याच महिन्यांत आणि पुढच्या दोन वर्षांत फुप्फुसात दुय्यम पडदे जोमाने वाढत असतात आणि केशवाहिन्यांचे दुहेरी थर एकेरी होत असतात. भारतात आढळणाऱ्या अरब-भारतीय प्रकारात गर्भकालीन हिमोग्लोबिन तुलनेने जास्त टिकून राहते, त्यामुळे येथील रोग आफ्रिकी प्रकारांहून सौम्य असे म्हटले जाते. विदर्भातील आणि तेलंगणातील रुग्ण पाहणाऱ्यांना हे विधान सरसकट पटणारे नाही. गर्भकालीन हिमोग्लोबिनचाच आणखी एक परिणाम व्यवहारात त्रासदायक ठरतो: शाळांतून आणि शिबिरांतून वापरली जाणारी स्वस्त विद्राव्यता चाचणी तान्ह्या बाळात भरवशाची नसते, तिथे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारे यंत्र लागते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तेलंगणाचा समावेश आहे, आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य तिने ठेवले आहे. फुप्फुसाच्या दृष्टीने या सात कोटींत सर्वांत महत्त्वाचा गट सहा महिन्यांखालील बाळांचा आहे, कारण पेनिसिलिनचा नियमित डोस आणि न्यूमोकोकसची लस यांचा लाभ पहिल्या संसर्गाआधीच मिळावा लागतो. ही लस राष्ट्रीय लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली.

पी-सिलेक्टिनला अडवणारे क्रिझानलिझुमॅब हे औषध २०१७ च्या चाचणीत वेदनांचे झटके सुमारे ४५ टक्क्यांनी घटवणारे ठरले, २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि पुढच्या मोठ्या चाचणीत लाभ न दिसल्याने २०२३ मध्ये युरोपने ती मागे घेतली. स्वस्त, तोंडाने घ्यायचे हायड्रॉक्सीयुरिया मात्र टिकून आहे. ते गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवते आणि त्याचबरोबर पेशींची चिकटण्याची वृत्तीही कमी करते. आसंजनावर थेट घाव घालणाऱ्या महागड्या प्रतिपिंडापेक्षा आडवाटेने तेच साधणारी जुनी गोळी अधिक उपयोगी ठरावी, यात या क्षेत्रातील संशोधकांनी विचार करावा असे बरेच काही आहे.

बालपणी राहिलेली उणीव म्हातारपणी वसूल होते, हे आता पुरेशा पुराव्यानिशी सांगता येते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक दशके लोकांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासांच्या विश्लेषणात असे दिसले की दीर्घकालीन श्वासरोध झालेल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांची फुप्फुसे वेगाने झिजली नव्हती. ती तरुणपणीच अपेक्षित क्षमतेला पोहोचली नव्हती. पुण्यातील छातीविकार संशोधकांनी, विशेषतः डॉ. संदीप साळवी यांनी, विडी-सिगारेट कधीही न ओढलेल्या लोकांतील, त्यातही चुलीसमोर आयुष्य काढलेल्या स्त्रियांतील श्वासरोधाकडे लक्ष वेधले आहे. चुलीचा धूर प्रौढ स्त्रीच्या फुप्फुसाला इजा करतो हे मान्य झाले आहे; तिच्या मांडीवरचे बाळ तोच धूर घेते आणि त्या वेळी त्याची फुप्फुसे झिजत नसतात, बांधली जात असतात, याचा विचार कमी होतो. धुरातील कण अस्तरपेशींच्या कॅडहेरिन जोडण्या सैल करतात आणि भक्षकपेशींना चेतवतात. बीटा-१ नसलेल्या उंदरांत दाहाने जे केले ते धूर बाहेरून करू शकतो.

उपचारांच्या बाबतीत मुख्य अडचण हीच वेळेची आहे. उंदराचे पिलू माणसाच्या २६-२८ आठवड्यांच्या बाळाइतक्या अपक्व फुप्फुसानिशी जन्मते आणि त्याचा वायुकोशनिर्मितीचा जोमाचा काळ चौथ्या दिवसापासून दोनेक आठवड्यांत आटोपतो. ज्या औषधाने तिथे तीन दिवसांत फरक पडतो ते बालकाला महिनोन्‌महिने द्यावे लागेल. फुप्फुसतंतुमयतेसाठी आल्फा-व्ही-बीटा-६ ला अडवणाऱ्या औषधांच्या चाचण्या प्रौढांतही अपयशी ठरल्या, आणि त्यांतील बेक्सोटेग्रास्टची चाचणी २०२५ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून थांबवावी लागली. तोच ग्राही वाढत्या फुप्फुसात अडवणे तर अधिकच धोक्याचे. स्टिरॉइडचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. जन्मानंतर दिलेले डेक्सामेथासोन बाळाला श्वसनयंत्रावरून लवकर उतरवते, पण प्राण्यांत ते भिंती झटपट पातळ करून नवे पडदे उभे राहणे रोखते. तेच औषध मुदतपूर्व प्रसूतीच्या शक्यतेत आईला दिले असता लाभ निर्विवाद आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या चाचणीने २०२० मध्ये कमी साधनांच्या रुग्णालयांतही तो सिद्ध केला तिच्या भारतातील केंद्रांत बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा समावेश होता. लहान बाळांना दिलेल्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी १९९९ च्या चाचणीत आणि कॅफिनने २००६ च्या चाचणीत दीर्घकालीन फुप्फुसविकाराचे प्रमाण माफक, पण निश्चित घटवले. यांपैकी कोणताही उपाय आसंजन ग्राहींना लक्ष्य करून शोधलेला नव्हता. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल इलॅस्टिन रचणाऱ्या तंतुपेशींवर काम करते आणि कॅफिन बाळाचा स्वतःचा श्वास टिकवते. म्हणजे एकाने धागा पुरवला आणि दुसऱ्याने यंत्राच्या दाबाऐवजी नैसर्गिक ताण राखला, आणि इंटेग्रिनांना जे धरायचे असते ते धरण्यास दोन्हींनी मदत केली.